मोठ्या टेक कंपनीची ऑफर आलीय. घ्यावी का?

मिठागर
रविवार, रात्री ११:२०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३४, राहायला मुलुंड पूर्व. अंधेरी एमआयडीसीत, सीप्झच्या मागच्या बाजूला, साठ माणसांची कंपनी आहे. तिथे आठ वर्षं झाली. पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर देतो आम्ही. नमुन्याची नोंद, रिपोर्ट, बिल, सगळं त्यात. सांगलीच्या एका लॅबवाल्या काकांकडे माझा खासगी नंबर आहे. रिपोर्टची प्रिंट निघाली नाही की ते कंपनीला फोन करत नाहीत, मला करतात. मालक आमच्याच खोलीत बसतो. पगार कधी १ तारखेला, कधी ७ ला. लॉकडाऊनमध्ये तीन महिने निम्मा मिळाला, पण कोणाला काढलं नाही हेही खरं.

आता एका मोठ्या परदेशी टेक कंपनीची ऑफर आलीय (नाव विचारू नका). सध्या वर्षाला २४ लाख आहेत. तिकडे ३८ लाख, वर जॉइनिंग बोनस ६ लाख, आणि चार वर्षांत मिळून ४० लाखांचे शेअर. ऑफिस ऐरोलीला, म्हणजे घरून पूल ओलांडला की पोचलो. पण टीम हैदराबादला आणि मॅनेजर सिअ‍ॅटलला. मुंबईत त्या टीमचा मी एकटाच.

बायको म्हणते घे. बाबा म्हणतात, "एवढी मोठी कंपनी, विचारतोयस काय?" आई विचारते, तिकडे डबा लागेल का. मला मात्र चार दिवस झोप नाही. जे आत आहेत किंवा होते त्यांनी खरं काय ते सांगा.

खारीबटर
रविवार, रात्री ११:३१

२४ चे ३८ होतायत आणि झोप लागत नाही! आम्हाला १४ चे १५ झाले तेव्हा आठवडाभर घोरत होतो. असो. चहा ठेवलाय, धागा मोठा होणार.

सेमीकोलन
रविवार, रात्री ११:५८

मी अशाच एका कंपनीत सहा वर्षं आहे. घ्या. पण काम काय असतं ते आधी ऐका.

आमच्या अ‍ॅपमध्ये वर्गणी बंद करायचं एक पान आहे. मराठीत तिथे विचारायचे, "तुम्हाला रद्द करायचे आहे का?" खाली दोन बटणं: "रद्द करा" आणि "ठीक आहे". सांगा, वर्गणी नक्की कुठल्या बटणाने बंद होते? "ठीक आहे"ने. "रद्द करा" दाबलं की रद्द करणंच रद्द व्हायचं! हे मला एप्रिलमध्ये दिसलं. तुमच्या साठ माणसांच्या कंपनीत हे काम दुपारच्या चहाआधी झालं असतं. इथे ते नोव्हेंबरात झालं. भाषांतरवाले, डिझाइनवाले, पैशांचा मामला म्हणून कायदेवाले, अंध लोक फोन वाचून घेतात त्याची तपासणी करणारे, सगळ्यांची सही. मग कळलं की नवा मजकूर तमिळमध्ये एवढा लांब होतो की बटण चौकटीबाहेर जातं. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी "वर्गणी बंद करा" आणि "मागे जा" असं ठरलं. ते आधी शंभरातल्या एकाला दाखवलं, चार दिवस आकडे पाहिले, मग पाच जणांना, मग सगळ्यांना.

आईच्या मोबाइलवर मुद्दाम ते पान उघडून दाखवलं. म्हणाली, "हे तू केलंस? छान. आणि बाकीचं कोणी केलं?"

आता दुसरी बाजू. पहिल्या महिन्यात मी तीस ओळींचा कोड पाठवला तर त्यावर चाळीस शेरे आले. रडायची वेळ आली होती. वर्षभराने माझा जुना कोड उघडून बघितला तेव्हा माझीच मला लाज वाटली. असं शिकवणारी माणसं छोट्या कंपनीत भेटतीलच असं नाही. शिवाय काही मोठं कोसळलं की नंतर अहवाल लिहितात, त्यात काय चुकलं ते असतं, कोण चुकलं ते नसतं. आमच्या जुन्या कंपनीत सर्व्हर पडला की साहेब आधी नाव विचारायचे.

लेखापाल_काका
सोमवार, सकाळी ६:४०

मिठागर, तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून एकेरीत लिहितो. माझ्याकडे दर जुलैमध्ये तुझ्यासारखी मुलं पिशवीभर कागद घेऊन येतात, म्हणून मेहनतीने टंकतोय. नीट वाच.

४० लाखांचे शेअर म्हणजे ४० लाख रुपये नव्हेत. ते तुकड्यातुकड्याने तुझ्या नावावर होतात, काही ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत एकही नाही. ज्या दिवशी नावावर होतात त्या दिवशीच्या बाजारभावाने ती रक्कम तुझ्या पगारात धरतात आणि कर कापतात. तू विकलेस की नाही याच्याशी संबंध नाही. तुझं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात, त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ५० लाखांच्या वर गेलास की अधिभार लागून ३४ च्या पुढे. म्हणजे १०० शेअर कागदावर दिसले तर खात्यात ६५ ते ६९ येतात, बाकीचे कंपनी करासाठी विकून टाकते. दरवर्षी एखादा तरी फोन करतो, "काका, माझे शेअर चोरीला गेले."

पुढे विकताना, नावावर झाले त्या दिवसाच्या भावापासून वर जो नफा होईल त्यावर वेगळा कर. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेस तर १२.५ टक्के, त्याआधी विकलेस तर तुझ्या नेहमीच्या दराने. आपल्याकडच्या बाजारातल्या शेअरना १२ महिन्यांची अट असते, तीच इथे धरून लोक फसतात.

आता खरी भानगड. कंपनी अमेरिकन असेल तर ही परदेशी मालमत्ता झाली. विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावंच लागतं, एक शेअर असला तरी आणि एकही विकला नसला तरी. साधा पहिल्या नंबरचा फॉर्म चालत नाही. ही माहिती जानेवारी ते डिसेंबर अशी द्यायची, एप्रिल ते मार्च नाही. न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला त्या दंडातून सूट दिली, पण भरायचं सुटलेलं नाही. आणि बायकोला आजच सांगून ठेव: तुझ्या नावावर तिकडे ६०,००० डॉलरच्या वर शेअर साठले आणि तुझं बरंवाईट झालं तर अमेरिका वारसा कर मागते, वरचा दर ४० टक्के. आपला त्यांच्याशी या करापुरता करार नाही. म्हणून साठवत बसू नये, नावावर झाले की थोडे थोडे विकून इकडे आणावेत असं मी सांगतो. कंपनीवर प्रेम असेल तरी पगारही तिचा आणि शिल्लकही तिचीच, हे बरं नाही.

जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलंस तर परत मागतात. हातात आले होते कर कापून चार-सव्वाचार, परत मागतात पूर्ण सहा. कलम वाच.

आणि आठ वर्षांची ग्रॅच्युइटी मागायला विसरू नकोस. मूळ पगार महिना ८०,००० धरला तर त्याचे १५/२६ गुणिले ८, म्हणजे ३ लाख ६९ हजारांच्या आसपास. मालक भला असला तरी अर्ज लेखी कर.

खारीबटर
सोमवार, सकाळी ७:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). काका, फी कुठे पाठवू?

अनघा_ठाणे
सोमवार, दुपारी १:१०

कोणीच वेळेबद्दल बोललं नाही, कारण अजून बायका आल्या नव्हत्या.

मॅनेजर सिअ‍ॅटलला म्हणालात ना? त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. ते उन्हाळ्यात. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेदहा. आमच्या घरात ऋतू यावरूनच कळतो. साडेनऊला मुलगी झोपायची असते, साडेदहाला मी. पाच वर्षं एका कानात हेडफोन, माइक बंद, आणि समोर ओट्यावर उद्याची मटकी. एकदा माइक चालू राहिला आणि कुकरच्या तीन शिट्ट्या चौदा जणांनी ऐकल्या. सासूबाई रोज विचारायच्या, "तुझा साहेब जेवला का गं? मग तू कधी जेवणार?"

पण मी सोडलं नाही आणि त्याला कारण आहे. आधीच्या छोट्या कंपनीत मी गरोदर असल्याचं सांगितल्यावर मालक म्हणाले, "अरे वा," आणि दुसऱ्या दिवसापासून माझं काम दुसऱ्याला शिकवायला लागले. २६ आठवड्यांची रजा कायद्यात आहे, २०१७ पासून. दहा माणसं असली तरी द्यावी लागते. पाळणाघराची सोय मात्र ५० माणसं असतील तिथेच बंधनकारक. मोठ्या कंपनीत मला रजेसाठी कोणाचं तोंड बघावं लागलं नाही. फॉर्म भरला, झालं. पाळणाघर ऑफिसच्या खालीच. दुपारी जाऊन दूध पाजून येत होते.

परत आल्यावर त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये मात्र "अपेक्षेइतकं" असा शेरा. सहा महिने होतेच कुठे मी? बढती दोन वर्षं पुढे गेली. लेखी कोणी काही बोलत नाही, सगळे फार गोड.

मिठागर, तुमची बायको नोकरी करते का? करत असेल तर साडेनऊनंतर घरातलं कोण बघणार हे आधी ठरवा. शेअरचं नंतर.

वाटाणा
सोमवार, दुपारी २:०२

अमेरिकेचा विचार असेल तर मोठी कंपनीच. एच-१बीला (तिकडे नोकरीसाठीचा व्हिसा) वर्षाला ८५,००० चा कोटा आणि सोडत, त्यात सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांना १ लाख डॉलर. याउलट कंपनीच्या इकडच्या शाखेत वर्षभर काढलं की एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) बदली होऊ शकते, सोडत नाही. फक्त त्यावर तिकडे गेल्यावर कंपनी बदलता येत नाही. सोन्याचा पिंजरा वगैरे.

रिकामा_डबा
सोमवार, रात्री ९:४७

लिहू की नको असा विचार करत होतो.

२०२३ च्या सुरुवातीचे आकडे सगळ्यांनी पेपरात वाचलेत: गुगल १२,०००, मायक्रोसॉफ्ट १०,०००, अ‍ॅमेझॉन १८,०००. मी कुठे होतो ते सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मेल आला. मी घोडबंदरला बसच्या रांगेत होतो. वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. ऑफिसचा चॅट उघडायला गेलो तर पासवर्ड चुकीचा. चार वर्षं जिथे दिवसाचे दहा तास बोलत होतो तिथल्या एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. सगळे त्या चॅटमध्ये होते.

पैसे दिले, खोटं कशाला बोलू. नोटिशीचे आणि वर काही महिन्यांचे. त्याने घराचा हप्ता सुटला. मारलं ते विम्याने. बाबांची बायपास तीन आठवड्यांनी ठरली होती. कंपनीच्या विम्यात आईबाबा होते, त्यामुळे बाहेरची पॉलिसी मी कधी घेतलीच नव्हती. नोकरीबरोबर विमा संपला. नवीन घ्यायला गेलो तर आधीच्या आजाराला प्रतीक्षा काळ, तेव्हा चार वर्षांपर्यंत. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतं हे मला नंतर कळलं. ते विमा चालू असतानाच विचारायचं असतं. ऑपरेशन केईएममध्ये झालं. डॉक्टर उत्तम होते, नंबर यायला अडीच महिने लागले. ते अडीच महिने बाबा जिना चढले की मी पायऱ्या मोजायचो.

नोकरी जरूर घ्या. पहिल्या पगारात आईवडिलांची स्वतःची पॉलिसी काढा. आणि चार चांगल्या सहकाऱ्यांचे नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

सेमीकोलन
सोमवार, रात्री १०:०५

रिकामा_डबा, वाचून सुन्न झालो. उद्या सकाळी पहिलं काम, नंबर.

जुना_गडी
सोमवार, रात्री १०:३०

म्हणजे शेवटी काय, गिरण्या गेल्या आणि आयटी आली, कामगार तोच. तेव्हा भोंगा होता, आता मेल. लालबागचं ऐरोली झालं एवढंच.

चिंचपोकळी
सोमवार, रात्री ११:१२

जुना_गडी, माफ करा, पण ही उपमा मला दर वेळी टोचते.

माझे वडील गिरणीत साच्याखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा. अडीच लाख माणसं बाहेर पडली. संप मागे घेतला असं कोणी कधी सांगितलंच नाही, तो तसाच विरला. वडिलांनी आधी आईच्या पाटल्या मोडल्या, मग दादरला भाजी विकली, मग एका बँकेच्या एटीएमवर रात्रपाळी केली. ना सहा महिन्यांचा पगार, ना विमा. काही गिरण्यांतल्या लोकांची देणी मिळायला पंधरा-वीस वर्षं गेली. ३८ लाखांच्या नोकरीतून काढलेल्या माणसाचं दुःख खरं आहे, रिकामा_डबा यांचं तर काळजाला लागलं. पण त्याला गिरणी म्हणू नका.

गिरणीतलं जे खरंच आयटीत आलंय ते वेगळं. गिरणीत "बदली" कामगार असायचे. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर त्याच्या जागी आत. तेच यंत्र, तीच पाळी, पण नाव रजिस्टरात नाही. असे लोक तुमच्या काचेच्या इमारतींत आहेत की नाहीत? ते कधी धागा काढत नाहीत.

तिसरी_पाळी
मंगळवार, पहाटे ४:२०

आहेत ना. मी आहे. आत्ता कामावरूनच लिहितोय.

ऐरोलीलाच. मोठ्या कंपनीच्या इमारतीत, मोठ्या कंपनीच्या मजल्यावर, तिच्याच सिस्टिमवर लक्ष ठेवतो. पगार दुसऱ्याच कंपनीचा. आमच्या कार्डाची पट्टी वेगळ्या रंगाची आहे, लांबून कळतं. कॅन्टीन तेच, पण त्यांना फुकट, आम्हाला पैसे. वर्षअखेरच्या पार्टीला दार उघडून द्यायला सिक्युरिटीवाले आणि स्क्रीन बघायला आम्ही.

पगार वर्षाला साडेचार लाख. गावाकडे आई सांगते मुलगा अमुक कंपनीत आहे, मोठीचं नाव घेते. मागच्या वर्षी एक स्थळ त्याच नावावर आलं. मुलीचा भाऊ पुण्यात आयटीत होता, त्याने पगाराची स्लिप मागितली. विषय संपला.

पण एक सांगू? रात्री तीनला काही बंद पडलं की अमेरिकेतला एक इंजिनिअर थेट मला फोन करतो. मॅनेजरला नाही. त्याला माहितेय की मी झोपलेला नसतो आणि लॉग वाचता येतो मला. दोन वर्षांत जे शिकलो ते कॉलेजने शिकवलं नाही. पुढच्या महिन्यात आत घ्यायची मुलाखत आहे. मिठागर दादा, तुम्ही आलात तर लिफ्टपाशी दिसेन, पट्टी हिरवी.

खारीबटर
मंगळवार, सकाळी ८:०५

मुलाखतीला शुभेच्छा, भावा. निकाल इथे कळव. (दोन दिवसांत पहिल्यांदा विनोद सुचत नाहीये.)

अर्धा_कप
मंगळवार, सकाळी ११:४०

एक मुद्दा राहिला. मुंबईत या परदेशी कंपन्यांचा इंजिनिअरिंगचा पसारा मुळात कमी. मोठा गोतावळा बंगळुरू, हैदराबाद, पुण्यात. टीम हैदराबादला आणि तुम्ही एकटे ऐरोलीत, तर "सगळे एका जागी बसू या" असा मेल कधीतरी येणार हे धरूनच चाला. माझ्या मेहुण्याला आला. मुलाची शाळा ठाण्यात, आई डायलिसिसवर, आणि साठ दिवसांत हैदराबाद. गेला नाही, राजीनामा दिला. कागदोपत्री तो स्वतःहून गेला, त्यामुळे काढलेल्यांना मिळतात ते जादाचे पैसेही नाहीत.

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मिठागर
बुधवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत काय केलं ते सांगतो.

एचआरबाईंना फोन केला. कामाचं ठिकाण करारात "ऐरोली" असं लिहून मिळेल का विचारलं. म्हणाल्या, "व्यवसायाच्या गरजेनुसार भारतात कुठेही" हे वाक्य सगळ्यांना सारखंच असतं, बदलत नाही. आवाज इतका गोड होता की नकार दिलाय हे फोन ठेवल्यावर कळलं. बोनसचं कलम काकांनी सांगितलं तसंच आहे, पूर्ण सहा. ते सहा वर्षभर बाजूला ठेवायचे असं ठरवलंय. आईबाबांच्या पॉलिसीचे कागद आज भरले, अजून या नोकरीत असतानाच. बाबांनी विचारलं, "मोठी कंपनी विमा देत नाही का?" मी "देते" म्हणालो आणि फॉर्म भरत राहिलो.

अनघाताई, बायको शाळेत शिकवते, सकाळी सहाला निघते. साडेनऊचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "आता तरी साडेनऊला कुठे मोकळा असतोस? सांगलीवाले काका असतातच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काल मालकांना सांगितलं. वाटलं थांबवतील. त्यांनी आकडा विचारला, मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. म्हणाले, "मी तीस देऊ शकतो. त्याच्या वर दिले तर बाकीच्या दोघांचे कमी करावे लागतील." कोणत्या दोघांचे ते मला माहीत आहे. नोटीस तीन महिन्यांची, त्यांनी दोनवर आणली. ग्रॅच्युइटीचा अर्ज पुढे केला तर पेन काढून लगेच सही केली.

तर जातोय. सेमीकोलन, पहिल्या कोडवर चाळीस शेरे आले की इथेच येऊन रडेन. तिसरी_पाळी, हिरवी पट्टी शोधतो, तोवर ती बदललेली असू दे.

चिंचपोकळी, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांचे मोठे भाऊ मोरारजी मिलमध्ये होते. हे मला आजच कळलं.

लेखापाल_काका
बुधवार, रात्री ११:०४

शाब्बास. जुलैमध्ये ये. पिशवी नको आणूस, फाइल आण.

मिठागर
बुधवार, रात्री ११:१९

नक्की काका. जरा थांबा, सांगलीहून फोन येतोय. प्रिंट निघत नाहीये.

खारीबटर
बुधवार, रात्री ११:२१

प्रिंटर चालू आहे का विचारा आधी.

मिठागर
बुधवार, रात्री ११:३४

नव्हता.